बिनअर्काची बशी

या जगात जे जे म्हणून नासतं, ते हवेने नासतं. लोखंड गंजतं ते हवेने, पुस्तकं पिवळी पडतात ती हवेने, साम्राज्यं बुडतात तीसुद्धा शेवटी कुणाच्या तरी डोक्यात हवा गेल्यानेच. आणि ज्या श्वासावर माणूस जगतो तोच श्वास त्याला आतून थोडाथोडा गंजवत नेतो, हे एकदा नीट उमगलं की तत्त्वज्ञानात उमगण्यासारखं फारसं काही उरत नाही. नाकसाहेबांनी हा सिद्धांत मांडला तेव्हा त्यांच्यासमोर बसलेली सगळी माणसं गुळण्या करत होती. त्यातल्या ड्रायव्हरने आपली गुळणी पेल्यात टाकली, तोंड पुसलं आणि म्हणाला, "साहेब, पुढची बशी आणा ना. मला गाडी काढायचीय."

नाकसाहेबांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. कारखान्यात सगळे त्यांना नाकसाहेब म्हणत, काही तोंडावर, काही माघारी, आणि दोन्हीकडे सारख्याच आदराने. कारखाना मांसाचा. खिमा शिजवायचा, चकत्या थापायच्या, गार करून पाकिटात भरायच्या आणि गिऱ्हाइकाच्या ताटात पडेपर्यंत त्या कालच्या वाटू नयेत याची काळजी घ्यायची. ही शेवटची काळजी नाकसाहेबांची. चरबीला हवा लागली की ती खवट होते. पूर्वी त्यावर एक पांढरी पूड टाकायची आणि निर्धास्त झोपायचं. पण हल्ली गिऱ्हाईक पाकीट उलटं करून वाचतं, आणि जिभेला न वळणारा शब्द दिसला की पाकीट जागच्या जागी ठेवून देतं. म्हणून पूड गेली आणि झाडपाला आला. रोझमेरी, ओरेगॅनो, पुदिना आणि पुदिन्याचा सगळा गोतावळा. पानं वाळवायची, त्यांचा अर्क काढायचा आणि तो बेताने खिम्यात कालवायचा. हवा आत शिरली की हा अर्क पुढे होतो, चरबीच्या वाटचं गंजणं स्वतःवर घेतो, आणि घेता घेता संपतो. त्यातली खरी कला अशी की तो आहे हे जिभेला कळता कामा नये. जास्त पडला तर खिम्याला औषधाच्या दुकानाचा वास मारतो, कमी पडला तर ओल्या पुठ्ठ्याचा. "चांगला अर्क कोणता?" असं नाकसाहेब नव्या माणसाला विचारत आणि उत्तराची वाट न बघता सांगत, "जो नसतानाच आठवतो, तो." हे वाक्य ते वर्षानुवर्षं म्हणत आले होते आणि त्यात त्यांना रसायनशास्त्रापलीकडे आजवर काहीही दिसलं नव्हतं.

तर त्या दिवशी चव-खोलीत, चव घ्यायला बसवलेल्या कारखान्यातल्याच माणसांपुढे, बश्या फिरल्या. चव-खोलीत दिवे लाल असतात, म्हणजे मांसाचा रंग बघून कुणी मत बनवू नये; त्या उजेडात सगळेच जरा लाजल्यासारखे दिसतात. प्रत्येक बशीला वेगळ्या रंगाची पट्टी, कुठल्या बशीत कुठला अर्क हे फक्त केमिस्टबाईंना माहीत. एक घास, वास, मत, गुळणी, पावाचा कोरडा तुकडा, पुढची बशी. ताजा, बरा, शिळा, खवट, यांतलं एक लिहायचं. नाकसाहेब नेहमीप्रमाणे न अडखळता लिहीत गेले. पिवळ्या पट्टीच्या बशीपाशी मात्र ते क्षणभर रेंगाळले. काय होतं ते त्यांना सांगता आलं नसतं. कुलपात किल्ली फिरते, दार उघडतं, पायातले बूट निघतात, असं काहीतरी त्या वाफेत होतं. त्यांनी परत एकदा हुंगलं. एरवी कामापुरतंच हुंगणारे ते चक्क मजेने हुंगू लागले. मग त्यांनी लिहिलं 'ताजा' आणि गुळणी केली.

दुपारी केमिस्टबाई त्यांच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. "सर, जरा गडबड झालीय."

"मशीन बिघडलं?"

"नाही, मशीन ठीक आहे." केमिस्टबाई इतक्या सभ्य, की उरलेलं त्यांनी खिडकीबाहेर बघून सांगितलं. "पिवळ्या पट्टीची बशी तुम्ही ताजी म्हटलीय."

"मग?"

"ती बिनअर्काची होती."

बिनअर्काची बशी दरवेळी ठेवतात. काही न घातलेला खिमा किती बिघडतो हे कळल्याशिवाय घातलेल्याची किंमत कशी कळणार? ती बशी खवट निघते, निघावीच लागते. तिच्या खवटपणावर तर सगळा हिशोब उभा. "मशीनही खवट म्हणतंय," केमिस्टबाई हळूच म्हणाल्या. "ड्रायव्हरने खवट लिहिलंय. पॅकिंगबाईंनी तर 'ओला पुठ्ठा' असं लिहून खाली रेघ मारलीय."

"पॅकिंगबाई पुठ्ठ्यातच बसतात दिवसभर."

"हो सर. पण... सर्दी वगैरे झालीय का तुम्हाला?"

नाकसाहेबांनी ताबडतोब सर्दी कबूल केली. पुराव्यादाखल एकदा शिंकूनही दाखवलं. केमिस्टबाईंनी ती शिंक नोंदवून घेतल्यासारखी मान हलवली आणि त्या गेल्या. पण जिना उतरेपर्यंत बातमी पॅकिंगपर्यंत पोचली असावी, कारण कारखाना सुटताना फाटकाशी पॅकिंगबाई म्हणाल्या, "साहेब, वाफ घ्या हं. ओव्याची." आणि तोंडाला पदर लावून त्या इतक्या मनापासून गंभीर झाल्या की नाकसाहेबांना कळायचं ते कळलं.

सर्दी नव्हतीच. सर्दी असती तर इतर बश्यांनाही झाली असती. रस्त्याने चालताना त्यांना सगळ्याचा वास येत होता: तापलेल्या रबराचा, इस्त्रीवाल्याच्या ओल्या वाफेचा, पुढे चाललेल्या बाईच्या पिशवीतल्या पिकून गेलेल्या पेरूंचा. नाक शाबूत होतं. मग त्या एका बशीनेच कसं फसवलं? फसवलं तरी कसं म्हणायचं, तिने तर बोलावलं होतं. हळूहळू, एक चढण आणि एक वळण मागे पडता पडता, त्यांना उलगडलं. तो वास त्यांच्या घराचा होता. आठवड्याच्या सुट्टीला ते एकदम स्वयंपाक करत, तो डब्यांत भरत, डबे फ्रीजमध्ये लावत, आणि मग रोज संध्याकाळी एक डबा काढून गरम करत. एकदा शिजलेलं मांस गार करून पुन्हा तापवलं की त्याला जो वास येतो, तो वास जगातून नाहीसा करण्याचा ते पगार घेत. आणि तोच वास रोज उभ्याने, ओट्याला टेकून, डब्यातूनच जेवत. इतके दिवस जेवत होते की नाकाने तो कधी घरातला माणूस म्हणून धरला हे त्यांना कळलंही नाही. 'ताजा' लिहिण्याआधी हात जरा थांबला होता, तो बहुतेक 'घरचा' लिहायला. असा रकाना नसतो, म्हणून वाचले.

घर म्हणजे तरी काय, दोन खोल्या आणि त्यांतून गेलेली बायको. गेलेली म्हणजे तशी नव्हे. ती चांगली हिंडतीफिरती होती, दुसऱ्या शहरात, मुलीकडे. मुलीच्या बाळंतपणाला गेली ती. जाताना म्हणाली होती, "येतेच, बाळ जरा मान धरू दे." बाळाने मान धरली, मग ते रांगलं, मग त्याला दात आले, मग दातांनी सगळ्यांना चावून झालं, आता ती नात शाळेत जाते आणि फोनवर येऊन बोलते. मध्यंतरी तिने विचारलं होतं, "आजोबा, खवट म्हणजे काय?" नाकसाहेबांना केवढा आनंद झाला! नातीला विज्ञानाची गोडी. त्यांनी तिला चरबी, हवा, उजेड, उष्णता, सगळं सोपं करून सांगितलं. मध्येच 'समजतंय ना?' असंही विचारलं. पलीकडून उत्तर आलं, "पण आजी म्हणते तुम्ही खवट आहात." मागे घाईघाईने कुणीतरी फोन ओढून घेतला. त्या रात्री ते हसले होते. कारखान्यातही त्यांनी हा किस्सा सांगितला होता, पॅकिंगबाईंसकट सगळे हसले होते. आज चढणीवर तो आठवला तेव्हा त्यातलं हसू उडून गेलं होतं आणि नुसता शब्द उरला होता. खवट काय एका दिवसात होत नाही. आणि जे होतं त्याला ते कळतही नाही. बशीतल्या खिम्याला कुठे वास येतो?

शिवाय आज उत्तर द्यायचं होतं. काल मुलीचा फोन आला होता. ती मोठं घर भाड्याने घेत होती, त्यात एक खोली जास्तीची मिळत होती, ती आईसाठी घ्यायची की नाही हे तिला आज संध्याकाळी घरमालकाला सांगायचं होतं. "कायमचं म्हणजे कायमचं, बाबा. मग पलंगबिलंग सगळं आणायचं." नाकसाहेब म्हणाले होते, "तुझ्या आईला जसं बरं वाटेल तसं." "आईला विचारलं तर ती म्हणते, त्यांना विचार. तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणता, तिला विचार. मी काय टपालखातं आहे का?" "अगं, तसं नाही..." "तसंच आहे. मला आता एकानेच काय ते सांगा. नाही सांगितलंत तर मी खोली घेतेय." हा प्रश्न त्यांनी रात्रभर उशीखाली आणि दिवसभर खिशात ठेवला होता. आपण अडवत नाही, ओढत नाही, कुणाच्या वाटेत येत नाही, याचा त्यांना थोडा अभिमानही होता. चांगल्या अर्कासारखं, आहोत हे कळू द्यायचं नाही. फक्त आज पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं की आपण अर्क नसून खिमा असू शकतो.

घरी आले. फ्रीज उघडला, बंद केला. गॅलरीत गेले. खाली रस्त्यावर उजेड अजून होता, उतरणीचा, पिवळसर. लग्नानंतर ते आणि ती एका खोलीत राहत तेव्हाही असाच उजेड भिंतीवर येई, आणि त्या वेळेला ती शाळेतून परतलेली असे. ती शाळेत शिकवायची. आली की चहा टाकायच्या आधी त्यांच्या पाठीमागे येई आणि म्हणे, "डोळे मिटा. ओळखा." आणि नाकाखाली काहीतरी धरी. हा त्यांचा खेळ होता. बाकीची जोडपी त्या वेळी सिनेमाला जात. साबण ते लगेच ओळखत. पितळेची किल्ली ओळखत. एकदा भिजलेलं वर्तमानपत्र होतं, तर त्यांनी आतलं पानही बरोबर सांगितलं, चपलांची जाहिरात असलेलं, शाई जास्त. एकदा शेजाऱ्यांचं मांजर होतं. त्याने त्यांना आधी ओळखलं आणि नाकावर ओरखडा आला, आणि ती इतकी हसली की तिला जमिनीवर बसावं लागलं. मुलगी झाल्यावर तिने मुलीची टाळू पुढे केली होती आणि ते म्हणाले होते, "दूध. आणि काहीतरी गरम, इस्त्रीखालून निघाल्यासारखं." ती म्हणाली होती, "पैकीच्या पैकी." प्रयोगशाळेतून त्यांनी कोवळी रोझमेरी आणली तेव्हा तिने ते पान चुरडून आधी स्वतःच्या गळ्याला चोळलं आणि मग म्हणाली, ओळखा. त्या दिवशीचा चहा झालाच नाही.

मग हा खेळ कधी थांबला? थांबला असा दिवस सापडत नाही. खेळ थांबत नसतात, दोन खेळांमधलं अंतर वाढत जातं. पण शेवटचा डाव त्यांना आठवत होता. मुलगी लग्न होऊन गेली होती. सुट्टीची दुपार, ते एक अहवाल वाचत बसले होते, कुठल्या पानाचा अर्क कुठल्या चरबीत जास्त टिकतो असा. ती मागून आली. बऱ्याच दिवसांनी आली होती. "डोळे मिटा," म्हणाली. "ओळखा." त्यांनी बोट वाचत्या ओळीवर ठेवलं, डोळे मिटले, आणि चव-खोलीत हुंगतात तसं तोकडं, कोरडं, कामापुरतं हुंगलं. मग म्हणाले, "काही नाही. रिकामं आहे." डोळे उघडले तर समोर तिचा तळहात होता. नुसता तळहात, उघडा, रेषांसकट. ती म्हणाली, "बरोबर. तुमचं नाक कधी चुकत नाही." आणि आत जाऊन तिने पुसलेला ओटा पुन्हा पुसला. आणि ते? त्यांना बरं वाटलं होतं! त्यांनी ती शाबासकी धरली होती. ओळ सापडली, अहवाल पुढे वाचला.

एकच वास सारखा हुंगत राहिलं की नाक तो कळवणं बंद करतं, हे त्यांच्या धंद्यातलं पहिलं पान. म्हणून तर चव-खोलीत मध्येमध्ये सगळ्यांना बाहेर पाठवतात, मोकळ्या हवेत, की जा, जरा विसरून या. तिचा वास त्यांच्या नाकाने इतकी वर्षं कळवला नव्हता, तो तिथे नव्हता म्हणून नव्हे, तर तो सगळीकडे होता म्हणून. हे त्यांना सुचलं आणि ते गॅलरीतून जवळजवळ धावत आत गेले. आता नाकाला सुट्टी मिळून इतका काळ लोटला होता, आता तर कळायला हवं! त्यांनी तिचं कपाट उघडलं. तिचे मागे राहिलेले कपडे घडीला घडी लावून होते. त्यांनी सर्वांत वरच्या घडीत तोंड खुपसलं आणि खोल, छातीच्या तळापर्यंत श्वास घेतला. डांबरगोळ्या. दुसरी घडी, डांबरगोळ्या. तिसरी घडी त्यांनी उलगडलीच, आणि तिच्यातून एक गोळी टपकन पडून पलंगाखाली गडगडत गेली. बायको जाताच कपड्यांना कसर लागू नये म्हणून हौसेने, घडीघडीत, सढळ हाताने त्या गोळ्या त्यांनीच घातल्या होत्या. आयुष्यभर वस्तू टिकवत आलेला माणूस. ज्यासाठी त्या टिकवायच्या तेवढं सोडून त्याने सगळं टिकवलं होतं.

ते पलंगावर बसले आणि आठवून वास जुळवायला लागले. कुठल्याही खवट चरबीचं वर्णन ते झोपेत करू शकत: तेलरंगासारखी, माशासारखी, पेन्सिलच्या भुशासारखी. तिच्या बाबतीत खडू आठवला. मग मानेवरचा घाम, पण घाम म्हणजे कुठला? मग उन्हात वाळलेलं काहीतरी. आणि तिथे रस्ता संपला. त्या तीन गोष्टी एकत्र केल्या तर एखादी शाळा झाली असती, बायको होत नव्हती. त्यांना तिची इतकी आठवण कधी आली नव्हती. म्हणजे येत असणार, रोज येत असणार, पण सगळीकडे होती म्हणून कळली नव्हती. बाहेरचा उजेड भिंतीवरून सरकून कपाटाच्या दारापर्यंत आला होता. संध्याकाळ होत होती. घरमालक वाट बघत होता, पलंगबिलंग वाट बघत होतं.

त्यांनी फोन घेतला. मुलीला नव्हे, तिला. तिच्याकडे स्वतःचा फोन होता, मुलीने घेऊन दिलेला, आणि तिचा नंबर यांच्या फोनमध्ये मुलीनेच घातला होता, त्यामुळे बायकोचं नाव त्यात 'आई' असं होतं. आजवर बोलणं व्हायचं ते मुलीच्या फोनवरून, मुलीच्या सवडीने, नातीच्या मध्यस्थीने. त्यांनी 'आई' या शब्दावर बोट ठेवलं, खाली दोनतीन चित्रं आली, त्यांतलं एक दाबलं आणि फोन कानावर घट्ट धरला.

"अहो," ती म्हणाली, आणि लगेच, "काय झालं? बरंय ना सगळं?"

"बरंय. जेवलीस?"

"आत्ता? दिवस आहे अजून."

"हो. दिवस आहे." ते थांबले. "आज कारखान्यात जरा गंमत झाली." आणि त्यांनी ती गंमत सांगितली, लाल दिव्यांसकट, पॅकिंगबाईंच्या ओव्यासकट. सांगताना ती गंमत राहिली नाही. पलीकडे भांड्याचा आवाज आला, नात काहीतरी मागत होती, मग दार लोटल्याचा आवाज आला आणि सगळं शांत झालं. ती बहुतेक दुसऱ्या खोलीत गेली होती.

"मग सर्दी झालीय का तुम्हाला?"

"नाही. सगळ्यांना सांगितलंय, झालीय म्हणून."

"हं."

"ती खोली," ते म्हणाले. "ती त्यांना घेऊ दे. सामान ठेवायला होईल, नातीला होईल. तुझ्यासाठी नको." मध्ये गुळणी नव्हती, पावाचा तुकडा नव्हता, पाणी लांब होतं. "तुला बरं वाटेल तसं कर, तुला बरं वाटेल तसं कर, असं मी म्हणत आलो. मला वाटलं हे म्हणजे मोठं काहीतरी. पण मला बरं वाटत नाही गं. मला बरं वाटत नाहीये, हे सांगायचं राहूनच गेलं. उभ्याने जेवतो मी. कपाटात डोकं घालून बसलो होतो आत्ता. तू असताना मी काय केलं म्हणशील, तर अहवाल वाचले. खरंय. वाचले. आलीस तर एखादवेळी परत वाचेन, सवय आहे. पण तू ये." त्यांनी डोळे मिटले आणि फोन इतका दाबला की कानाला गरम लागायला लागला. "तू बोल काहीतरी. नाही म्हणालीस तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, नाही म्हणू नकोस. पण बोल."

तिच्या श्वासाचा आवाज येत होता, जरा भरलेला.

"ऐकलं मी सगळं," ती अखेर म्हणाली. "आता एक कराल?"

"सांग. काय वाटेल ते सांग."

"तो फोन जरा तोंडासमोर धरा. मघापासून मला नुसता तुमचा कान दिसतोय."